छातीचा कोट उतरवताना

'मराठी विभागासाठी लेख द्या' अशी नोटीस लागली की दरवर्षी तेच विषय येतात. पाऊस, आई, मेसची भाजी, पहिलं प्रेम (बहुधा एकतर्फी), आणि 'इंजिनिअरिंगने मला काय दिलं'. यंदा माझा विषय ऐकून आमच्या एडिटरने दोनदा विचारलं, "नक्की ना? खाली नाव छापायचंय का तुझं?" विषय आहे मुलांनी छातीचं वॅक्सिंग करताना कातडीची घ्यायची काळजी. आता ज्यांना हसायचंय त्यांनी हसून घ्या. मी थांबतो.

झालं? मग ऐका.

२०२५ चा फेब्रुवारी. गॅदरिंगची आदली रात्र. माझा रूममेट, त्याला इथे आपण 'पैलवान' म्हणू, कारण तो सांगलीकडचा आहे आणि सकाळी सहा अंडी खातो. पैलवानाची फॅशन शोमध्ये निवड झालेली. शेवटच्या राऊंडला उघडं जॅकेट, आत काहीही नाही. रिहर्सलला एका सीनियरने त्याच्या छातीकडे बघून सगळ्यांसमोर म्हटलं, "अरे, हे अस्वल स्टेजवर कोण सोडणार?" सगळे हसले, पैलवानही हसला. आणि रात्री अकरा वाजता मेसमधून चार लिंबं आणि वाटीभर साखर घेऊन रूमवर आला.

पुढचं सगळं त्याने मोबाईलवर एक व्हिडिओ बघून केलं. पलंगाखाली लपवलेली कॉइलची शेगडी काढली (रेक्टर सर, ती आता नाही, आई शपथ). अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात साखर, लिंबाचा रस, थोडं पाणी. माझी जुनी जीन्स कापून तिच्या पट्ट्या केल्या, मला न विचारता. पाक मधासारखा तांबूस झाला. व्हिडिओतली बाई म्हणाली 'थंड होऊ द्या', पण पैलवानाने ते वाक्य फॉरवर्ड केलं, कारण साडेबारा वाजले होते आणि सकाळी आठला रिपोर्टिंग होतं. स्टीलच्या चमच्याने त्याने पाक छातीच्या मधोमध ओतला.

तो आवाज मी लिहून दाखवू शकत नाही. तिसऱ्या मजल्यावरचे लोक खाली आले.

मग आमचं सामुदायिक शहाणपण सुरू झालं. एकाने टूथपेस्ट आणली. दुसऱ्याने मेसच्या फ्रीजमधून बर्फ आणला. तिसरा म्हणाला, चिकटलंय ते खेचून काढ. चौथा होतो मी, आणि मी म्हणालो, "ओरडू नको, रेक्टर येईल." पैलवानाने दात-ओठ खाऊन पाक ओढला. पाकाबरोबर केस आले आणि रुपयाच्या नाण्याएवढी सालही आली. एवढं होऊनसुद्धा हा बाबा थांबला नाही. अर्धी छाती अशी आणि अर्धी तशी दिसेल म्हणून उरलेल्या भागावर त्याने कोरडाच रेझर फिरवला. दुसऱ्या दिवशी जॅकेटची चेन गळ्यापर्यंत लावून तो रॅम्पवर चालला. बक्षीस नाही मिळालं.

आता जरा इंजिनिअरच्या नजरेने बघू, कारण त्या रात्री खोलीत आम्ही सात इंजिनिअर होतो आणि एकाचंही डोकं चाललं नाही. पाणी १०० अंशांना उकळतं. साखरेच्या पाकातलं पाणी जसं उडत जातं तसा त्याचा उत्कलनबिंदू चढत जातो. गोळीबंद पाकाच्या आसपास आलात की तुम्ही ११५-१२० अंशांवर असता. शिवाय उकळतं पाणी अंगावर सांडलं तर बरंचसं ओघळून जातं. पाक तिथेच बसतो, घट्ट, आणि निवांतपणे आपली उष्णता आत सोडत राहतो. साधारण ६० अंशांचा पदार्थ कातडीला पाच सेकंद चिकटून राहिला तरी खोल भाजतं. हीट ट्रान्सफरमध्ये मला चांगले मार्क आहेत हो, पण ते पेपरात.

सगळ्यात वाईट वाटतं ते याचं, की साखरेचा पाक पाण्यात विरघळतो! शाळेतल्या पोरालाही माहीत असलेली गोष्ट. त्याला लगेच बाथरूममध्ये नेऊन साध्या नळाच्या पाण्याखाली वीस मिनिटं उभं केलं असतं, तर पाक आपोआप सुटला असता आणि भाजणंही बरंच कमी झालं असतं. भाजल्यावर पहिला उपचार तोच: वाहतं, गार, पण बर्फाचं नव्हे, असं पाणी, वीस मिनिटं. टूथपेस्टने काहीही होत नाही, उलट डॉक्टरांना ती खरवडावी लागते. बर्फाने आधीच दुखावलेल्या कातडीला आणखी इजा होते. चिकटलेलं खेचून काढणं तर सोडाच.

तिसऱ्या दिवशी पैलवानाच्या छातीवर पुळ्या उठल्या. प्रत्येक केसाच्या मुळाशी एक, टोकाला पिवळा पू. तो मेडिकलमध्ये गेला. तिथल्या माणसाने काहीही न बघता एक ट्यूब दिली. त्याने खाज थांबली, लाली गेली, पैलवान खूश. आठवड्याने ट्यूब संपली आणि सगळं दुपटीने परत आलं. मग मात्र मी त्याला ओढत स्किनच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर मॅडम वयाने आईएवढ्या. पैलवान शर्टाची बटणं काढायलाच तयार नाही. "मॅडम, ते अ‍ॅलर्जी झालीये बहुतेक... डिटर्जंटची." मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. "डिटर्जंट चौकोनी पट्ट्यांमध्ये लागतो का रे बाळा?" मग त्यांनी रिकामी ट्यूब वाचली. स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक, तिन्ही एकात. मॅडमचा आवाज पहिल्यांदा चढला. त्यांच्याकडे दिवसभरात येणाऱ्या निम्म्या मुलांनी आधी अशीच ट्यूब चोपडलेली असते म्हणे. स्टेरॉइडने सूज दबते, पण खाली जंतू किंवा बुरशी मजेत वाढते, आणि महिनोन्‌महिने लावलं तर कातडी पातळ होते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी कितीतरी स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केला. नियम कागदावर आहे. ट्यूब आमच्या कॉलेजच्या गेटसमोर मिळते.

पुळ्यांना त्या म्हणाल्या फॉलिक्युलायटिस. केस उपटला की त्याची पिशवी काही काळ उघडी राहते, दार सताड उघडं टाकून घरमालक गावाला गेल्यासारखी. आपल्या अंगावर एरवी मुकाट राहणारे स्टॅफिलोकोकस जातीचे जंतू त्यात शिरतात. त्यात घामट बनियन, जिमचा बेंच, दुसऱ्याचा टॉवेल, म्हणजे जंतूंना आमंत्रणच.

पण त्यांना खरी काळजी वाटली ती भाजलेल्या जागेची. बोटाने छातीच्या मधल्या हाडावर टेकवून त्यांनी विचारलं, "घरात कुणाला जखमेवर गाठ येते का? लस टोचलेल्या जागी, कान टोचलेल्या जागी, जाड, तकतकीत?" पैलवानाच्या वडिलांच्या दंडावर तशी गाठ आहे. तिला केलॉइड म्हणतात. जखम भरताना शरीराला थांबायचं कळत नाही आणि व्रण जखमेच्या बाहेर पसरत जातो. ती घराण्यातून येते, आपल्यासारख्या सावळ्या कातडीत जास्त दिसते, आणि तिच्या आवडत्या जागा म्हणजे खांदे, कानाची पाळी आणि नेमका छातीचा मध्य. म्हणजे हा गडी एका संध्याकाळच्या रॅम्पवॉकसाठी आयुष्यभराच्या गाठीशी जुगार खेळला होता, आणि त्याला ते माहीतही नव्हतं.

दवाखान्यातून परत येताना रिक्षात पैलवान गप्प. मग एकदम म्हणाला, "भावा, हे आधी कुणाला विचारायचं होतं पण?"

या प्रश्नासाठी हा लेख आहे.

त्या रात्री मी ताईला फोन केला. ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, कॉलेजात असल्यापासून हातापायाचं वॅक्सिंग करते. आमच्या घरात दर महिन्याला ते व्हायचं. आई, ताई, कधी काकू, हॉलचं दार लावून. 'आत येऊ नको रे' एवढाच माझा त्या विषयाशी संबंध. मी चाचरत सगळं सांगितलं. ताई आधी पाच मिनिटं हसली. नंतर म्हणाली, "शहाण्यांनो, मला एक फोन करता येत नव्हता?" आणि मग तिने जे सांगितलं ते मी जर्नलच्या मागच्या पानावर उतरवून घेतलं. दुसऱ्या खेपेला मॅडमना दाखवलं, त्यांनी दोन-तीन भर घातल्या. तेच इथे देतो.

पहिली गोष्ट, कार्यक्रमाच्या आदल्या रात्री कधीही नाही. लाली आणि बारीक पुरळ प्रत्येकालाच येतं, ते बसायला एक-दोन दिवस लागतात. म्हणून कार्यक्रम असेल तर तीन-चार दिवस आधी करायचं. आयुष्यात पहिल्यांदाच करत असाल तर त्याहीपेक्षा महिनाभर आधी एक छोटा चौकोन करून बघायचा, दोन-तीन बोटांएवढा, आणि दोन दिवस वाट पाहायची. लॅबमध्ये ट्रायल रीडिंग घेतो ना, तसं.

केसांची लांबी साधारण पाच-सहा मिलिमीटर हवी. त्याहून आखूड असले तर वॅक्स धरत नाही. आणि लांब असले, आपल्याकडे बहुतेकांचे असतातच, तर आधी ट्रिमरने सेंटिमीटरच्या आत आणायचे, नाहीतर गुंता होतो आणि दुखणं दुप्पट. इथे मुलींपेक्षा आपला मामला वेगळा आहे, असं मॅडम म्हणाल्या. पुरुषांच्या छातीचा केस जाड, त्याचं मूळ खोल, आणि कातडीत तेलाच्या ग्रंथी भरपूर. हातावर ज्याने काही होत नाही त्याने छातीवर पुळ्या येऊ शकतात. त्यामुळे 'माझी बहीण करते तेव्हा तिला काही होत नाही' हा युक्तिवाद चालणार नाही.

एक-दोन दिवस आधी आंघोळीच्या वेळी ओल्या, खरखरीत पंचाने छाती हलक्या हाताने चोळायची. मेलेली कातडी निघते आणि आत वळलेले केस बाहेर येतात. त्याच दिवशी मात्र चोळायचं नाही. त्या दिवशी साध्या साबणाने धुवायचं, पूर्ण कोरडं करायचं, तेल-क्रीम-डिओ काहीही नाही. आपल्याला घाम येतो, म्हणून थोडी टाल्कम पावडर भुरभुरवून झटकून टाकायची. पार्लरमध्ये पावडर लावतात ती शोभेसाठी नाही. तिने ओलावा शोषला जातो आणि वॅक्स कातडीऐवजी केसाला धरतो.

आता एक गोष्ट मोठ्या अक्षरात वाचा. हॉस्टेलमधले निदान चार-पाच जण तरी पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेतात, मला माहितीये. ती गोळी चालू असताना आणि बंद केल्यावर निदान सहा महिने वॅक्स हा शब्दसुद्धा उच्चारायचा नाही. त्या औषधाने वरची कातडी नाजूक होते आणि केसाबरोबर सालच निघून येते. छातीवर किंवा पाठीवर ट्रेटिनॉइन, अ‍ॅडापॅलीनसारखी क्रीमं लावत असाल तर ती किती दिवस आधी बंद करायची ते डॉक्टरांना विचारा. उन्हात भाजलेली कातडी, पुळ्या, गजकर्ण, जखम, उठावाचे तीळ, यांच्यावर वॅक्स नाही. डायबेटिस असेल किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, तर आधी डॉक्टर.

दुखण्याबद्दल. दुखतं. खोटं कशाला सांगू? काही जण बधिर करणारं मलम फासतात. ते छातीभर फासून वरून प्लास्टिक गुंडाळायचा आचरटपणा करू नका. २००७ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने याबद्दल इशारा दिला होता. लेझरने केस काढून घेण्याआधी पायांना असं मलम लावून वर प्लास्टिक गुंडाळलेल्या दोन तरुणी दगावल्या होत्या, एक २२ वर्षांची आणि एक २५. मलमातलं औषध कातडीतून रक्तात गेलं, तिथून पुढे झटके, कोमा. 'वरूनच तर लावतोय' या शब्दांवर माझा तरी तेव्हापासून विश्वास नाही.

प्रत्यक्ष करताना वॅक्स आधी मनगटाच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून बघायचा. कोमट लागला तरच पुढे जायचं. केस ज्या दिशेने वाढतात त्या दिशेने पातळ थर लावायचा, पट्टी दाबायची, दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरायची आणि उलट्या दिशेने एका झटक्यात ओढायची. ओढताना पट्टी वर, छताकडे न्यायची नाही, कातडीला समांतर ठेवायची. एसओएम शिकलेल्यांना हे लगेच कळेल. वर ओढलं की कातडीच उचलली जाते आणि निळे डाग पडतात, समांतर ओढलं की जोर केसावर येतो. छातीची गंमत अशी की तिथे केस एका दिशेने नसतातच. मध्यापासून बाहेर, खालून वर, कुठे भोवरा. म्हणून पट्ट्या लहान हव्यात आणि प्रत्येक पट्टीआधी दिशा बघायला हवी. आपलीच छाती आपल्याला वरून उलटी दिसते, त्यामुळे हे काम एकट्याने, आरशात बघून, रात्री साडेबाराला करायचं नाही. स्तनाग्रांच्या जवळ वॅक्स न्यायचा नाही, तिथले दोन केस कात्रीने कापा. एका जागेवरून एकदाच. राहिलेले चुकार केस चिमट्याने काढा. आणि एकदा अंगाला लावलेली लाकडी पट्टी परत वॅक्सच्या डब्यात बुडवायची नाही. बाहेर कुठे गेलात तर यावर नजर ठेवा. तिथला माणूस तीच पट्टी पुन्हा डब्यात घालत असेल, तर तुमच्या आधीच्या गिऱ्हाइकाचे जंतू तुमच्याकडे येतायत. उठून या. पैसे गेले तर जाऊ द्या.

नंतरचे दोन दिवस सगळ्यात महत्त्वाचे, आणि नेमके तेच आपण विसरतो. उरलेला वॅक्स काढायचा: साखरेचा असेल तर पाण्याने, राळेचा असेल तर तेलाने. मग गार पाण्यात भिजवलेला स्वच्छ कपडा दहा मिनिटं, त्यावर सुगंध नसलेलं साधं मॉइश्चरायझर किंवा कोरफडीचा गर. कुंडीतली कोरफड चालते का, असं मी विचारलं, तर मॅडम म्हणाल्या की पिवळा चीक कातडीला झोंबतो, तो धुऊन टाकता येत नसेल तर बाजारातलं जेल बरं. आफ्टरशेव्ह, तुरटी, स्पिरिट, डिओ यांतलं काही नाही. दोन दिवस गरम पाण्याची आंघोळ, जिम, फुटबॉल, स्विमिंग पूल आणि ऊन बंद. सैल सुती शर्ट घाला, सिंथेटिक जर्सी नको. चार-पाच दिवसांनी परत पंचाने हलकं चोळायला सुरुवात करायची, म्हणजे नवा केस कातडीखाली गुरफटत नाही. गुरफटलाच तर सुई-सेफ्टी पिनने टोकरत बसू नका. आपल्या रंगाच्या कातडीवर टोकरलेल्या जागी काळा डाग पडतो आणि तो महिने महिने जात नाही. पू आला, लाली पसरली किंवा ताप आला तर डॉक्टर. ट्यूबवाला नव्हे, डॉक्टर.

एवढंच. यात अणुविज्ञान काहीही नाही. आमच्या आईला हे पंचवीस वर्षांपासून माहीत आहे. आणि इथेच माझं डोकं फिरतं. ही सगळी माहिती माझ्याच घरात होती, एका दाराच्या पलीकडे. पैलवानाच्या घरी दोन बहिणी आहेत. आमच्या वर्गात सोळा मुली आहेत, त्यातल्या कुणीही दोन मिनिटांत सांगितलं असतं, 'अरे, आधी थंड होऊ दे.' पण विचारलं असतं तर? 'बायकी' झालो असतो. म्हणून आपण काय करतो, तर काम बायकांचंच करतो, पण अक्कल मात्र त्यांची घेत नाही.

मुळात कातडीची काळजी हे बायकी काम ठरवलं कुणी? नरक चतुर्दशीला पहाटे पाटावर बसून आपण सगळे उटणं लावून घेतोच ना? आजोबांपासून नातवापर्यंत. तिथे कुणाची मिशी खाली येत नाही. पैलवानाचे चुलते कोल्हापूरच्या तालमीत होते. तिथल्या हौद्यातली माती नुसती माती नसते. त्यात हळद, ताक, तेल, लिंबू घालतात, कशासाठी? अंगाला जखम झाली तर चिघळू नये, कातडी मऊ राहावी. वस्ताद स्वतः देखरेख करतात. त्या मातीत लोळलेल्या माणसाला बायकी म्हणून बघा एकदा, मग सांगा मला.

याचा अर्थ सगळ्यांनी छाती गुळगुळीत करावी असं मी म्हणतोय का? मुळीच नाही. उलट माझं स्वतःचं मत असं की बहुतेकांना याची काडीची गरज नाही. छातीवरचे केस म्हणजे घाण नव्हे. अनिल कपूरने केसाळ छाती घेऊनच अख्खं करिअर केलं. मग १९९८ मध्ये 'प्यार किया तो डरना क्या'मध्ये सलमान खान शर्ट न घालता गिटार घेऊन नाचला आणि पुढच्या दहा वर्षांत हीरोंच्या छात्या टाइल्ससारख्या चकचकीत झाल्या. फॅशन आहे, आली तशी जाईल. बॉडीबिल्डर केस काढतात त्याला कारण आहे, लाइटखाली स्नायूंच्या रेषा दिसाव्या लागतात. पोहणाऱ्यांना कारण आहे. एका सीनियरच्या जोकला उत्तर म्हणून काढणं हे काही मला कारण वाटत नाही. आणि तो सीनियर, जाता जाता सांगतो, ट्यूब आणायला पैसे द्यायलाही आला नाही.

ज्यांना 'नीट' दिसायचंय त्यांच्यासाठी ट्रिमर आहे. केस तीन-चार मिलिमीटरवर आणा, विषय संपला. ना मूळ उघडं पडत, ना कातडी सोलत. रेझरचं म्हणाल, तर तो वाटतो तेवढा निरुपद्रवी नाही. ऑपरेशनच्या आधी पेशंटची जागा वस्तऱ्याने साफ करायची पद्धत होती ना? जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या आपल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये सांगितलं की केस शक्यतो काढूच नका, काढावेच लागले तर क्लिपरने कापा, वस्तरा वापरू नका. कारण वस्तऱ्याने डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा पडतात आणि त्यातून जंतू शिरतात. मात्र 'रेझर लावला की केस दाट येतात' हे खोटं. मिल्ड्रेड ट्रॉटर नावाच्या अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञ बाईंनी १९२८ मध्येच ते मोजून दाखवलंय. केसाचं टोक बोथट कापलं जातं म्हणून हाताला खुंट लागतात, एवढंच.

ज्यांना वॅक्सच करायचाय त्यांनी जरूर करा. तुमची छाती, तुमचा निर्णय. फक्त 'द फोर्टी-इयर-ओल्ड व्हर्जिन' (२००५) बघून ठेवा. त्यात स्टीव्ह कॅरेलने कॅमेऱ्यासमोर खरोखर छातीचं वॅक्सिंग करून घेतलं, ते ओरडणं बरंचसं खरं आहे. पैलवानाला आम्ही तो सीन महिनाभराने दाखवला. त्याने मध्येच लॅपटॉप बंद केला.

तो आता बरा आहे. पुळ्या तीन आठवड्यांत गेल्या. भाजलेल्या जागी अजून डाग आहे, आणि त्याच्या खालच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी कडक लागतं. मॅडम दर तीन महिन्यांनी ते पट्टीने मोजतात. परवा मोजलं तेव्हा वाढलेलं नव्हतं. केस सगळे परत आलेत, डागाची जागा सोडून.

गेल्या आठवड्यात फर्स्ट इयरचा एक पोरगा आमच्या रूमवर आला. दार लावून घेतलं, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "दादा, ते... स्विमिंगच्या मॅचेस आहेत. कुणीतरी म्हणालं तुम्हाला माहितीये." मी काही बोलायच्या आत पैलवानाने शर्टाची वरची तीन बटणं काढली, त्याला डाग दाखवला, आणि माझ्या जर्नलचं मागचं पान फाडून त्याच्या हातात दिलं. जर्नल अजून सबमिट व्हायचं होतं.